कर्टिसचे पंखे

१२ नोव्हेंबर
कर्टिसच्या घरून, मिनेसोटा

प्रिय व्हर्ना,

पत्राला उशीर झाला, कारण लिहायला टेबल रिकामं नव्हतं. टेबलावर काय होतं ते सांगते, पण आधी तुझं जेवण होऊ दे.

शनिवारी माझ्या चिरंजीवांनी घरातल्या जमिनीतल्या सगळ्या जाळ्या उचकटल्या. त्यांच्याखाली भट्टीची गरम हवा आणणारे पत्र्याचे नळ आहेत ना, त्यांत कोपरापर्यंत हात घातला आणि जे जे सापडलं ते वर्तमानपत्र पसरून जेवणाच्या टेबलावर मांडलं. कुत्र्याच्या केसांची एक अख्खी गादी. वाळलेली मॅकरोनी. कुणाच्या तरी पायाची नखं. आणि एक उंदीर, वाळून पुठ्ठ्यासारखा चपटा झालेला. शी! "आई, बघ तरी, ह्या हवेत आपण इतकी वर्षं श्वास घेतोय!" असं म्हणून तो हसत होता, जणू लॉटरीच लागली. रविवारी चर्चहून आल्यावर त्याच टेबलावर आम्ही जेवलो. रनेने पुसलं होतं टेबल, नाही कशाला म्हणू, पण माझ्या सुनेचं पुसणं तुला माहीत आहे. मला बटाट्याच्या प्रत्येक तुकड्यात तो उंदीर दिसत होता.

हे सगळं कशासाठी, तर पंख्यांसाठी. माझी खोली गॅरेजच्या वर. भट्टी तळघरात, घराच्या दुसऱ्या टोकाला. तिथून निघालेली हवा माझ्यापर्यंत येते तेव्हा तिच्यात काही दम उरलेला नसतो. म्हणून कर्टिसने मेलेल्या कॉम्प्युटरांतले पंखे काढले, प्लायवुडच्या खोक्यांत बसवले, चंदेरी चिकटपट्टी गुंडाळली आणि प्रत्येक जाळीत एकेक खोका ठोकला. खोका नळातली गरम हवा ओढतो आणि खोलीत फेकतो. दुकानात असे तयार मिळतात, पण तयार आणेल तर तो आपला कर्टिस कसला! आता घरात पाय ठेवीन तिथे घूं घूं. माझ्या खोलीतल्या पंख्याला जळक्या धुळीचा वास येतो, आणि त्यातच कुणीतरी कधीतरी सांडलेल्या दुधाचा. काल त्याने विचारलं, "छान आहे ना आई?" मी म्हटलं, "छान आहे." दुसऱ्याच्या घरात राहायचं तर आणखी काय म्हणणार? तू असतीस तरी हेच म्हणाली असतीस.

फोन करू नकोस. माझ्या कानातल्या यंत्रात पंखेच घुमतात. शिवाय ह्या नळांतून एका खोलीतलं बोलणं दुसरीत जातं. पत्रच बरं.

माझं खुब्याचं हाड जुळतंय. डॉक्टर म्हणतात, हिवाळा इथे काढा, ईस्टरला आपल्या घरी जा. मी ह्या एका गोष्टीवर दिवस काढते आहे, व्हर्ना. माझं स्वयंपाकघर, माझी खिडकी, माझी किटली. घर तोवर रिकामंच. मी कर्टिसला म्हटलं, पाणी बंद कर आणि पाण्याचे नळ रिकामे कर, म्हणजे गोठून फुटणार नाहीत, तुझे-माझे वडील करायचे तसं, इथे सगळेच करतात तसं. तर हसला. "आई, ते जुनं झालं. तिकडेही माझा एक पंखा लावतो. ऊब घरभर सारखी फिरेल. आणि तिथलं तापमान मला इथे फोनवर दिसतं." शेजारच्या नॉर्म एकडालकडे किल्ली आहे, त्यालाही सांगून टाकलं की आत जाऊन बघायची काही गरज नाही.

तुझी,
आर्डिस

२७ नोव्हेंबर
मेसा, ॲरिझोना

प्रिय आर्डिस,

दोन पानं भरून किळस आणि कौतुकाचा एक शब्द नाही! अगं, तुझा मुलगा सुट्टीच्या दिवशी गुडघ्यांवर बसून तुझ्यासाठी नळ उपसतो. माझा रॉडनी नाताळला फळांची टोपली पाठवतो आणि सोबतच्या कार्डावरची सही दुकानातल्या पोरीची असते. अक्षर ओळखते मी तिचं. दरवर्षी तीच पोरगी मला 'लव्ह यू मॉम' लिहिते.

तुझ्या उंदराचं वाचलं तेव्हा मी खरोखरच जेवत होते, धन्यवाद. पण पंख्याची कल्पना मला आवडली. माझ्या ह्या चाकांवरच्या घरात उन्हाळ्यात पुढच्या खोलीत थंड हवा इतकी की स्वेटर घालावा लागतो, आणि झोपायच्या खोलीत माझं भरीत होतं. मी कर्टिसला लिहिलं. चार दिवसांत उत्तर, आकृत्यांसकट! कुठल्या जाळीवर किती ओढ, कुठली जाळी अर्धी झाकायची, सगळं समजावून. शेवटी लिहिलंय, 'आईला सांगू नका, पण तिच्या खोलीची हवा अजून मनासारखी जमत नाहीये, त्याचं मला फार लागतं.' आता मी सांगितलं. ऐकून तरी जरा गोड बोल त्याच्याशी.

आणि एक विचारू? ते घर, ते तळघराचे उभे जिने, तू एकटी. खरंच जायचंय तुला परत?

तुझी,
व्हर्ना

२२ जानेवारी
कर्टिसच्या घरून

प्रिय व्हर्ना,

हो. खरंच जायचंय. पुन्हा विचारू नकोस.

इथे शून्याखाली तीस आहे. नाकातले केस गोठतात. आणि घरात लढाई चालू आहे. भट्टी एकच, हवा तेवढीच. कर्टिस टीव्हीच्या खोलीतला पंखा जोरात करतो तेव्हा माझ्या जाळीतून गार झुळूक येते. मी रात्री कोट घालून झोपते आणि सकाळी तो कोणी बघायच्या आत खुंटीला लावते. रने न्हाणीघरातला पंखा लावते तेव्हा टीव्हीची खोली गारठते, मग कर्टिस आरडाओरडा करत खाली जातो आणि कुठलीतरी झडप फिरवतो. सगळ्यांना ऊब हवी आहे आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडची ओढतो आहे. ह्यालाच तो 'समतोल' म्हणतो. वीट आलाय मला त्या शब्दाचा.

मागच्या आठवड्यातलं ऐक. त्यांचा कुत्रा ड्यूक ओकला. कुठे? जाळीवर. आणि खाली पंखा चालू! घरभर गेला तो वास, नळानळांतून, आणि सर्वांत जास्त माझ्याकडे, कारण माझा पंखा म्हणे 'आता उत्तम ओढतोय'. मी खिडकी उघडली, तीस खाली असताना उघडली, आणि बाहेर डोकं काढून उभी राहिले. रने दारात येऊन म्हणते, "अय्या, तुम्हाला उकडतंय का?"

एक चांगलं लिहिते, म्हणजे तू ओरडणार नाहीस. गेल्या शनिवारी कर्टिस दिवसभर कुठेतरी गेला होता. आला तो पांढराफटक. जेवला नाही. मी काही न बोलता त्याने माझ्या खोलीत आणखी एक पंखा बसवला, जाळी दोनदा पुसली, माझं पांघरूण पायापाशी खोचलं. लहानपणी मी त्याचं खोचायचे तसं. मी म्हटलं, "थँक्यू, राजा." तो पटकन बाहेर गेला. मला जरा भरूनच आलं, खोटं कशाला बोलू.

मला माझ्या घरी एक चक्कर मारून आण म्हटलं तर रस्ते निसरडे आहेत, गाडी आवाज करते, पुढच्या आठवड्यात बघू. पण फोन दाखवतो मला रोज. अठ्ठावन्न अंश फॅरनहाइट, रिकाम्या घराला पुरे. "बघ आई, उबदार आहे तुझं घर." बरं वाटतं ते आकडे बघून. मी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या पडद्याला पिवळं कापड मागवलंय. टोमॅटोचं बीही. बारा मार्चला ते खिडकीत पेरायचं असतं, पण ह्या वर्षी उशिरा पेरीन, घरी गेल्यावरच.

तुझी,
आर्डिस

४ फेब्रुवारी
मेसा

प्रिय आर्डिस,

तुझं पत्र वाचून मी टेबलावर डोकं ठेवून रडले. पिवळं कापड! हे पत्र तुझ्या हातात पडेल तोवर कर्टिसने तुला सगळं सांगितलेलं असेल. रविवारी सांगतो म्हणाला होता मला, म्हणजे आतापर्यंत बोलला असेलच. बिचारा किती घाबरला होता!

स्वयंपाकघराचं फार मनाला लावून घेऊ नकोस. फरशी ही फरशीच असते. ते कपाटही आपल्या आईचं असलं तरी लाकूडच. नॉर्मला भिंतीबाहेर बर्फाचा फुगा दिसला म्हणून बरं, नाहीतर छतही खाली आलं असतं. तुला काही लागलं नाही, तू तिथे नव्हतीस, ह्यासाठी मी देवाचे आभार मानते. जीव वाचला, घरं काय होतच राहतात.

लगेच लिही. मला तुझी काळजी लागून राहिली आहे.

तुझी,
व्हर्ना

१७ फेब्रुवारी
नॉर्म एकडालच्या घरून

व्हर्ना,

त्याने सांगितलं नव्हतं. तू सांगितलंस.

तुझं पत्र मी जिन्यावर उभ्याने वाचलं. दोनदा. मग घरी कोणी नसताना नॉर्मला फोन लावला, कानातलं यंत्र काढून, आणि ओरडून सांगितलं की तुझं मला काही ऐकू येत नाहीये, पण ट्रक घेऊन ये. तो आला. वाटेत त्याने तोंड उघडलं नाही. त्याला वाटत होतं मला ठाऊक आहे, आणि मी बोलत नाही म्हणून तो बोलत नव्हता. आपली माणसं! ओठ शिवून जन्माला येतात.

दार उघडलं आणि वास आला. व्हर्ना, माझ्या घराला आजवर कधी वास नव्हता. कॉफीचा, फार तर ओल्या हातमोज्यांचा. हा वास आतून सडलेल्या गोष्टीचा होता. ओट्याखालचा पाण्याचा नळ थंडीने फुटला होता. पाणी किती दिवस वाहिलं देव जाणे, भिंतीतून बाहेर गेलं, गोठलं, आत साचलं. फरशीचे तुकडे वर वळले आहेत. त्यांच्याखाली काळी बुरशी, केसाळ, बोट लावलं तर बुळबुळीत. तळघरात पाणी शिरलं तेव्हा तिथल्या एका बाजूची वीज तेवढी गेली आणि मोठा फ्रीझर बंद पडला. हरणाचं मटण, तळ्यातले मासे, सगळं एकत्र विरघळून पुन्हा कडेने गोठलेलं. झाकण नॉर्मने उघडलं आणि लगेच लावलं. मी तिथेच ओकले. अंगणात नाही, माझ्या स्वतःच्या जिन्यावर. बटाट्यांची पोती फुटून त्यांचं पाणी झालंय. आईच्या कपाटाची मागची फळी सुटून लोंबते आहे.

आणि बोळात थर्मोस्टॅटच्या अगदी खाली, जमिनीत, कर्टिसचा पंखा. छान चालू होता. घूं घूं.

मला आधी कळलंच नाही. नॉर्मने समजावलं. कर्टिसने गॅस वाचवायला बाकीच्या खोल्यांच्या जाळ्या बंद केल्या आणि बोळात पंखा लावला. भट्टी जरा पेटली की सगळी ऊब पंख्याने ओढून थर्मोस्टॅटच्या तोंडावर मारायची. त्याला वाटायचं, घर तापलं, आणि तो भट्टी विझवायचा. भिंतीवरच्या त्या एवढ्याशा डबीला ऊब मिळत होती आणि माझं स्वयंपाकघर गोठत होतं. फोनवर मला रोज दाखवायचा तो आकडा त्याच डबीचा. अठ्ठावन्न! मी त्या आकड्याकडे बघून झोपायचे.

हे चुकीने झालं, मान्य. एवढा हुशार पोरगा, पण चुकला. पण नॉर्मने त्याला कधी कळवलं ते ऐक. त्या शनिवारी. ज्या दिवशी तो पांढराफटक होऊन आला. तो इथे आला, हे सगळं बघितलं, पाणी बंद केलं, दार ओढून घेतलं. मासे तसेच ठेवले. आणि घरी येऊन माझ्या खोलीत पंखा बसवला आणि माझं पांघरूण खोचलं. आणि मी त्याला थँक्यू म्हटलं. ह्या गोष्टीची मला त्या फ्रीझरपेक्षा जास्त किळस येते. अंगावरून काहीतरी सरपटत गेल्यासारखं होतं.

कर्टिसकडे परतल्यावर रात्री जेवायच्या टेबलावर मी विचारलं. कर्टिस ताटाकडे बघून म्हणाला, "आई, मला तुला दुखवायचं नव्हतं. रोज ठरवायचो, आणि रोज तू पडद्याचं बोलायचीस."

"आणि मासे? तेही मला दुखवू नयेत म्हणून सडवलेस?"

"मला पुन्हा आत जाववेना."

मग रने म्हणाली, "पण आई, आम्हाला वाटलं तुम्ही इथेच रमलात. यांनी तुम्हाला विचारलं होतं की कायमचं राहायचं झालं तर कसं वाटेल. तुम्हीच म्हणालात, छान."

म्हणाले होते मी. थँक्सगिव्हिंगला, पाहुण्यांसमोर, हातात वाडगा घेऊन. आपल्याकडे कोण 'नको' म्हणतं पहिल्यांदा विचारल्यावर? विचारणाऱ्याने पुन्हा विचारायचं असतं, मग आणखी एकदा. त्यांनी एकदा विचारलं, त्यांना सोयीचं उत्तर मिळालं, आणि ते टीव्ही बघायला गेले. थू त्या 'छान'वर! माझ्याच तोंडातलं आहे, तरी थू.

मी बॅग भरली. नॉर्म आणि त्याची बहीण, दोघांनी मला शिवणाची खोली दिली आहे. पुढचं माहीत नाही.

आता तू सांग. कर्टिस तुझ्याशी हे सगळं कधीपासून बोलत होता? आणि तू का गप्प बसलीस?

आर्डिस

३ मार्च
मेसा

प्रिय आर्डिस,

तू 'तुझी' लिहिलं नाहीस. कळलं मला.

त्याने मला त्याच आठवड्यात लिहिलं होतं. आणि आईला लगेच सांगू नकोस असं मीच त्याला कळवलं. हो, मीच. उन्हं येऊ देत, खुबा नीट होऊ दे, ह्या वयात धक्का बसून माणसं जातात, असं लिहिलं. तरी शेवटी त्याला राहवेना, रविवारी सांगतोच म्हणाला, म्हणून मी तुला तसं लिहिलं. पोराला सगळा दोष देऊ नकोस. त्याला फक्त कुणीतरी थांब म्हणायला हवं होतं, आणि मी म्हटलं.

आता व्यवहाराचं. कर्टिसचं म्हणणं आहे की घर आहे तसं विकून टाकावं. शेजारच्या शेताला जमीन हवीच आहे. तुला रागाने हे पटणार नाही, पण विचार कर. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, सडकी फरशी, मोडलेला खुबा. कोण हसेल ते तरी बघ! त्यापेक्षा माझ्याकडे ये. इथे बर्फ नाही, जिने नाहीत. झोपायची खोली तुला देते, मी पुढे कोचावर झोपेन. मला तशीही पुढची गार खोली आवडते. बुधवारी पत्ते असतात. बायका बऱ्या आहेत, एक सोडून.

आणि खरं सांगू? लिहिते आणि मग पाकीट पटकन बंद करते. कर्टिसचं पत्र आलं, स्वयंपाकघर गेलं असं वाचलं, तेव्हा मला वाईट वाटलंच, पण त्याच क्षणी असंही वाटलं की आता आर्डिस इकडे येईल. मी तुझ्यासाठी उशीही आणली. घर वाचवायला कुणी घाई करू नये असं मला वाटत होतं. म्हणून गप्प बसले. रॉडनीची टोपली ह्या वर्षी आलीसुद्धा नाही.

रागाव, पण ये.

व्हर्ना

२१ एप्रिल

प्रिय व्हर्ना,

तुझं पत्र वाचलं आणि शिवणाच्या मशीनखाली टाकून दिलं. दीड महिना तिथेच होतं. नॉर्मच्या बहिणीने झाडलं, उचललं आणि इथे आणून माझ्यासमोर ठेवलं.

तुझ्या उशीचं वाचून मला किळस आली. सरळ लिहिते. माझं घर पाण्यात सडत होतं आणि तू माझ्यासाठी अंथरूण घालत होतीस. कर्टिस भेकड आहे, पण त्याला निदान माझं घर जायला नको होतं. तुला हवं होतं. सख्ख्या बहिणीला! कित्येक दिवस मी हेच वाक्य घोळवत होते. मग तू त्या कोचावर पाय मुडपून एकटी झोपलेली दिसायचीस, आणि राग जायचा नाही, पण झोपही यायची नाही.

मी तुझ्याकडे येणार नाही. नाही. आणखी दोनदा विचारायची गरज नाही, तिन्ही वेळचं उत्तर एकच आहे.

मी ईस्टरच्या आधीच्या सोमवारी घरात राहायला आले. पुढची खोली कोरडी आहे, तिथे खाट टाकली. सगळ्या खोल्यांच्या जाळ्या मी स्वतः काठीने उघडल्या. स्वयंपाकघरात फरशी नाही, नुसत्या फळ्या. नळवाल्याने नवा नळ टाकला. नॉर्मने विजेची शेगडी दिली, तिच्यावर कॉफी होते आणि अंडी होतात. फ्रीझर अंगणात उलथा पडलाय. चुन्याने तीनदा धुतला, तरी कावळे त्याच्याभोवती नाचतात. वास अजून आहे. उठल्या उठल्या पहिल्यांदा तोच येतो, मग सवय होते, मग दार उघडून बाहेर जाऊन परत आलं की पुन्हा नाकात भरतो. पण माझा आहे.

कर्टिस दर शनिवारी येतो. तोंडाला फडकं बांधून फळ्या खरवडतो. बुरशी निघते ती पिशवीत भरतो आणि मध्येच बाहेर जाऊन उभा राहतो. मी त्याला जेवायला घालते. बोलत नाही फारसं. गेल्या खेपेला गाडीतून नवा खोका घेऊन आला, घासूनपुसून, रंग दिलेला. "आई, ह्या वेळी थर्मोस्टॅटपासून लांब लावतो. तुझ्या खाटेजवळ. छान ऊब येईल."

माझ्या तोंडात 'छान' आलाच होता, व्हर्ना. अगदी जिभेवर.

मी म्हटलं, "नको. मला तुझ्या पंख्यांची किळस येते. पहिल्या दिवसापासून येत होती. तुझ्या घरी सगळा हिवाळा मी कोट घालून झोपले."

तो खोका हातात धरून उभाच राहिला. कानापर्यंत लाल. "सगळा हिवाळा?"

"सगळा."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तू मासे सडल्याचं का नाही बोललास?"

तो खाली फळ्यांवरच बसला आणि रडला. पन्नाशीचा माणूस, गुडघ्यांना बुरशी लागलेली. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. ठेवावासा वाटला, पण मग सगळं पुन्हा पांघरुणाखाली गेलं असतं. थोड्या वेळाने त्याने नाक पुसलं, खोका गाडीत नेऊन टाकला आणि खरवडणी घेऊन कोपऱ्यातल्या फळीला लागला. त्या फळीखालून एवढा काळा चिखल निघाला की आम्ही दोघंही एकदमच "शी!" म्हणालो.

माफ केलं का, असं विचारशील. नाही केलं. त्यालाही नाही, तुलाही नाही. जूनमध्ये फरशी बसेल. तुला यायचं असेल तर ये, खाट एकच आहे, आळीपाळीने झोपू. आल्यावर आधी आईचं कपाट घासायचंय, आतून, ते मी तुझ्यासाठी ठेवलं आहे. हातमोजे घेऊन ये.

आणि यापुढे पत्र कर्टिसकडे नाही, नॉर्मकडेही नाही. माझ्या घरी पाठव. पत्ता तुला माहीत आहे.

तुझी,
आर्डिस